थर्माकोलची कबर आणि आपले मृतजन

(वाचन : मक्काबींचे दुसरे पुस्तक १२ : ४३-४६)



ऑक्टोबर संपत आला की मुलांना हॅलोवीनच्या सजावटीचे वेध लागतात. अमेरिकेत घरापुढच्या अंगणात फोमच्या खोट्या कबरी मांडतात. फोम वरून गोल कापायचा, करडा रंग द्यायचा, भेगा कोरायच्या आणि वर 'आर. आय. पी.' लिहायचे. आपली मुलेही थर्माकोल आणा म्हणतील. त्यांना नुसते 'नाही' म्हणण्याऐवजी चार गोष्टी समजावून सांगू या.

१. नाव कुठून आले? 'हॅलोज' म्हणजे संतजन. १ नोव्हेंबरला सर्व संतांचा सण असतो. त्याची आदली संध्याकाळ म्हणजे हॅलोवीन. २ नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस. क्लुनीचे मठाधिपती संत ओदिलो यांनी सुमारे ९९८ साली तो आपल्या मठांत सुरू केला. पहिले महायुद्ध चालू असताना, १९१५ साली, पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी प्रत्येक धर्मगुरूला त्या दिवशी तीन मिस्सा अर्पण करण्याची मुभा दिली.

२. ती तीन अक्षरे. 'रेक्विएस्कात इन पाचे' या लॅटिन शब्दांचा अर्थ 'त्याला शांती लाभो'. ही प्रार्थना आहे. खोट्या कबरीवर ती लिहिली, तर कोणासाठी? आजच्या वाचनात यहूदा मक्काबी लढाईत पडलेल्या आपल्या माणसांसाठी वर्गणी काढतो आणि सुमारे २००० चांदीची नाणी यरुशलेमला पापार्पणासाठी पाठवतो. मेलेली माणसे त्याला परकी वाटली नाहीत.

३. थर्माकोल का नको? महाराष्ट्रात सजावटीसाठी थर्माकोल वापरण्यावर २०१८ साली बंदी आली. तो गरम तारेने कापला तर उग्र वाफ निघते. फुटला की त्याचे दाणे गटारातून समुद्रात जातात आणि मासे ते खाणे समजून गिळतात. दांड्याच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

४. मग काय करावे? मुंबईत दफनासाठी जागा अपुरी. त्यामुळे बऱ्याच कबरी काही काळाने पुन्हा उघडतात आणि अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. कितीतरी आजी-आजोबांच्या नावाचा दगड आज कुठेच नाही. तो मुलांनी घरी करावा. वाण्याकडचे खोके आणा. पुठ्ठ्याचे तीन थर मैद्याच्या खळीने चिकटवा, वर वर्तमानपत्राचे तुकडे लावा, उन्हात वाळवा. मागे त्रिकोणी टेकू द्या. करडा रंग देऊन क्रूस, नाव आणि जन्म-मृत्यूची साले लिहा. साल आठवत नसेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. ही पाटी घरच्या वेदीपाशी ठेवा; मेणबत्ती मात्र जरा लांब लावा. रोज रात्री रोझरीनंतर त्या व्यक्तीची एक आठवण सांगा.

१ ते ८ नोव्हेंबर या दिवसांत दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना करावी. पापनिवेदन, ख्रिस्तप्रसाद आणि पोप महोदयांच्या हेतूंसाठी प्रार्थना या अटी पाळल्यास त्या भेटीची पूर्ण दंडमुक्ती मृतांसाठी अर्पण करता येते. मुलांना सोबत न्या. भुताच्या कबरीला घाबरणारे मूल आजीच्या कबरीपाशी घाबरत नाही.

कुटुंबात चर्चेसाठी :
(अ) आपल्या घरातल्या किती मृतांची नावे मुलांना ठाऊक आहेत?
(ब) ज्यांच्यासाठी प्रार्थना करणारे कोणी उरले नाही, असा आपल्या आळीतला कोण आठवतो?