मानवाकृतीची सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : सर्व स्नायूंची नावे पाठ झाल्याशिवाय मानवाकृती काढता येत नाही, हे खरे आहे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. शरीररचनेचा अभ्यास उपयोगी असला, तरी आपण आधी द्रुतरेखाटन, म्हणजे एक-दोन मिनिटांत देहाचा झोक व तोल पकडणारे रेखाटन, रोज करावे आणि एका पायावर भार देऊन उभ्या असलेल्या माणसाची कंबर त्या बाजूला वर उचलली जाते व खांदा त्याच बाजूला खाली झुकतो, हे नीट निरखावे. प्रौढाची उंची डोक्याच्या सुमारे ७.५ पट धरतात; मात्र हे माप ताठ उभ्या आकृतीचे असून वर्षभराच्या मुलाला ते लागू पडत नाही, कारण त्याची उंची डोक्याच्या जेमतेम ४ पट असते. छायाचित्र गिरवण्यापेक्षा बसस्थानकावरील माणसे रेखाटणे केव्हाही श्रेयस्कर. स्नायूंचा अभ्यास त्यानंतर हाती घ्यावा.