आधी मूठ सोड

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, मला काही झालेलं नाही, नुसतं टेन्शन आहे." आणि त्या 'नुसतं'वर तुझा आवाज चिरकला. मी तेव्हा काही बोलले नाही. तुझ्या कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या, आणि असलं काही दोन शिट्ट्यांच्या मध्ये बोलता येत नाही. म्हणून आज निवांत लिहितेय. चहा घेऊन बस.

आधी माझं सांगते, कारण तुझा समज आहे की ताईला काही होत नाही. चार वर्षांपूर्वी दाढ ठणकते म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे गेले. बाईंनी तोंडात आरसा घातला आणि विचारलं, "दात खाता का रात्री?" मी म्हटलं, छे, लहान मुलं खातात. तर माझ्या दाढांचे कंगोरे झिजून सपाट झालेले, टाकी न लावलेल्या जात्यासारखे. "दिवसाही आवळत असणार. आत्ता तोंड मिटा. वरचे-खालचे दात टेकलेत का?" टेकले होते. नुसतं बसलेलं असताना, ओठ मिटलेले असले तरी दातांत थोडी फट असायला हवी, हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं. तूही आत्ता बघ. बघितलंस? सोड.

घरी आल्यावर मी स्वतःवर पाळतच ठेवली. भाजी चिरताना खांदे कानाला भिडलेले. स्कूटरचं हँडल असं धरलेलं की कुणी हिसकावून नेतंय. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तरी पर्स दोन्ही हातांनी कवटाळलेली. त्या वर्षी सासूबाईंचं दुखणं होतं, ऑफिसात ऑडिट होतं, लेकीची दहावी होती. मी रोज मनाची समजूत घालत होते, होईल सगळं ठीक. मन 'हो' म्हणायचं. मूठ काही सुटायची नाही.

आपली भाषा यात आपल्यापेक्षा शहाणी आहे बघ. पोटात गोळा येतो, छातीत धस्स होतं, हातापायातलं त्राण जातं, तोंडचं पाणी पळतं. आणि जीव कुठे असतो? मुठीत धरलेला, नाहीतर टांगणीला. सगळं बरं झालं की तो भांड्यात पडतो. हे शब्द घडवणाऱ्या बायाबापड्यांना कुणी शरीरशास्त्र शिकवलं नव्हतं, पण भीती कुठे राहते ते त्यांना पक्कं माहीत होतं. आणि आपण? 'डोक्यात विचार फार येतात' म्हणतो आणि मानेखालच्या अख्ख्या देहाला सोडून देतो.

वॉल्टर कॅनन नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने 1915 साली एका पुस्तकात मांडलं की भीती वाटली की शरीर लढायच्या नाहीतर पळायच्या तयारीला लागतं. छाती धडधडते, श्वास वरच्यावर होतो, रक्त स्नायूंकडे धावतं, पचन थांबतं. बिबट्या समोर आला तर हे सगळं उपयोगाचं. पण साहेबांचा रात्री साडेदहाचा मेसेज आला की तू ना लढतेस, ना पळतेस. 'ओके सर' लिहितेस आणि झोपायला जातेस. तयारी केलेली फौज तशीच उभी राहते, रात्रभर. हृदयाला तू 'हळू चाल' म्हणून हुकूम करू शकत नाहीस. आपल्या हुकमातल्या गोष्टी दोनच: स्नायू आणि श्वास. शरीराच्या वाटेने जाणारे बहुतेक उपचार या दोन दारांतूनच आत शिरतात. मला त्यातलं पहिलं दार जास्त भावलं, म्हणून त्याबद्दल जरा ऐसपैस सांगते.

शिकागोला एडमंड जेकबसन नावाचे डॉक्टर होते. त्यांचं म्हणणं असं की स्नायू खरोखर सैल पडले तर घाबरलेपण टिकूच शकत नाही. आता कुणी म्हणेल, यात काय मोठंसं. पण त्यांच्या लक्षात आलेली गंमत वेगळीच होती. माणसाला 'सैल हो' म्हटलं तर त्याला ते जमत नाही, कारण आपण आवळलेलो आहोत हेच त्याला कळत नसतं. सवयीचं झालेलं असतं, पंख्याच्या आवाजासारखं. पंखा बंद झाल्यावरच कळतं की तो इतका वेळ घरघरत होता. म्हणून त्यांनी आधी मुद्दाम आवळायला लावलं आणि मग सोडायला. ताण ओळखता आला तर सोडता येतो. त्यांचं या विषयावरचं मोठं पुस्तक 1929 सालचं आहे, आणि आजही मानसोपचार करणारे लोक हीच रीत, थोडी आटोपशीर करून, शिकवतात.

चल, करूच. कप खाली ठेव. उजवी मूठ वळ. जिवाच्या आकांताने नको, निम्म्याहून थोडी जास्त ताकद लाव. कुठे कुठे ताणलं जातंय? बोटांची पेरं, अंगठ्याचा गड्डा, मनगटाची आतली बाजू, आणि दंडापर्यंत चढणारी एक दोरी. पाच-सात सेकंद. श्वास रोखू नकोस, सगळ्याजणी इथेच चुकतात. आता एकदम सोड. हळूहळू नाही, हातातली पिशवी खाली टाकावी तशी. आणि आता घाई करू नकोस, खरं काम इथेच आहे. वीस-तीस सेकंद नुसतं बघ. बोटं आपोआप अर्धवट वळून पडतात, तळव्यात ऊब येते, थोडी झिणझिण. आता डावा हात आणि उजवा हात यांत फरक वाटतो का? तो फरक म्हणजेच तू दिवसभर विनाकारण खर्च करत असलेली ताकद.

मग तसेच खांदे. कानापर्यंत उचलायचे, थांबायचं, धपकन सोडायचे. मग कपाळ, डोळे, जबडा, पोट, मांड्या, पावलं. पोटरीला बेतानं हं, जोर लावलास तर मध्यरात्रीसारखा गोळा येईल. पहिले आठ दिवस मला काहीही वाटलं नाही. उलट 'हे काय पोरखेळ' म्हणून राग आला. नवव्या की दहाव्या दिवशी पोळ्या लाटताना माझं मलाच कळलं की खांदे वर चाललेत. कुणी न सांगता कळलं. त्या दिवशी मी लाटणं खाली ठेवून एकटीच हसले.

आणि हे काही सगळं साता समुद्रापारचं नाही. आपल्या मुंबईत हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या 47 रुग्णांना शवासन शिकवलं आणि 1969 साली त्याचे निष्कर्ष छापले. बऱ्याच जणांच्या औषधाची मात्रा कमी करता आली. तो अभ्यास लहान होता, आणि रक्तदाबाचा होता, काळजीचा नव्हे. पण योगाच्या तासाला शवासन आलं की आपण घड्याळ बघतो आणि चटई गुंडाळायला लागतो ना, तेव्हा हे आठवावं.

श्वासाचं थोडक्यात. लहान मूल खूप रडून झोपलं की झोपेतच दोन टप्प्यांत श्वास आत ओढतं आणि लांब सोडतं, आठवतंय? तुझा धाकटा अजून करत असेल. तेच मुद्दाम करायचं. नाकाने श्वास घ्यायचा, त्यावर आणखी एक छोटा, मग तोंडाने सावकाश पूर्ण सोडायचा. स्टॅनफर्डच्या लोकांनी एका गटाला रोज पाच मिनिटं असं महिनाभर करायला लावून 2023 मध्ये निष्कर्ष छापले. काळजी सगळ्याच गटांची कमी झाली, नुसतं ध्यान करणाऱ्यांचीसुद्धा. पण मन प्रसन्न होण्यात हे उसासे टाकणारे पुढे होते. मर्म एवढंच की आत घेताना हृदय किंचित जोरात चालतं आणि सोडताना मंदावतं. म्हणून सोडणं लांब हवं. म्हणूनच एक विनवणी: छाती धडधडत असताना कुणाचं ऐकून जोरजोरात कपालभाती करू नकोस. घाईघाईच्या श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि आपल्याला वाटतं, झालं, आता आपण गेलो. माझी एक मैत्रीण अशीच रिक्षा करून इमर्जन्सीत गेली होती.

आता थेरपीचं. मी गेले, पाच वेळा. फी खिशाला जड होती, खोटं कशाला बोलू. मला वाटलं होतं मालीश असेल किंवा गादीवर झोपवून कसलं संगीत लावतील. तसं काहीच नाही. दोन खुर्च्या, एक खिडकी. मी सासूबाईंचं सांगायला लागले तर बाईंनी मध्येच थांबवलं. "हे सांगताना अंगात कुठे काय होतंय?" मी म्हटलं, छातीत दगड. "केवढा?" मला हसू आलं, पण उत्तर तयार होतं: वरवंट्याएवढा. "बरं. आणि आत्ता अंगात बरी वाटणारी एखादी जागा?" फार शोधावी लागली. शेवटी सापडली तळपायांत, गार फरशीवर टेकलेल्या. मग बराच वेळ तेवढंच केलं. थोडं वरवंट्याकडे, परत तळपायांकडे. ऊन-सावलीतून चालावं तसं. तास संपला तेव्हा दगड गेला नव्हता, लिंबाएवढा झाला होता. गंमत म्हणजे मी गोष्ट पूर्ण सांगितलीच नव्हती.

दुखऱ्या आणि सुखावणाऱ्या जागांत असं झुलत राहणं, आणि एकावेळी चिमूटभरच हाताळणं, ही पद्धत पीटर लेविन यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांचं पुस्तक 1997 सालचं. आता खरं तेही सांगते: या पद्धतीवरचे चांगले अभ्यास अजून हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे आहेत. काळजीच्या आजारावर विचार आणि वागणं बदलण्याच्या थेरपीमागे कितीतरी जास्त पुरावा आहे. मला गुण आला म्हणून तुला येईलच असं नाही. आणि कुणी 'एका बैठकीत जन्माचं साठलेलं बाहेर काढतो' म्हणालं तर चप्पल घालून निघून ये. अंगाला हात लावण्याआधी जो विचारत नाही, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जायचं नाही. 'बॉडी थेरपिस्ट' ही पाटी कुणीही लावू शकतं, म्हणून मूळ शिक्षण काय ते तोंडावर विचार. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती बघता येते. विचारलं म्हणून रागावणारा माणूस आपल्या कामाचा नाही.

आणखी एक. डोळे मिटून अंगाकडे लक्ष दिल्यावर काहीजणींना जास्तच घाबरायला होतं. तुला तसं झालं तर तू नापास झालीस असं समजू नकोस. डोळे उघडे ठेव, खिडकीतल्या पाच वस्तू मोज, भिंतीला दोन्ही तळहात लावून ढकल, नाहीतर सरळ भांडी घास. तेही शरीराचंच काम आहे.

आणि धडधड होते म्हणालीस ना? आधी डॉक्टरांना दाखव. ईसीजी, थायरॉईड, हिमोग्लोबिन. दर दुखण्यावर 'टेन्शन'चं लेबल आपल्या बायकांना फार स्वस्तात लावलं जातं, आणि आपणही ते मुकाट चिकटवून घेतो. गोळ्या चालू असतील तर या मुठीच्या व्यायामाच्या जोरावर बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना विचारल्याशिवाय अर्धीही नाही. आणि एखाद्या रात्री अगदी नकोसं झालं, जगणंच नको वाटलं, तर मला उठव. माझा फोन लागला नाही तर 14416. टेलिमानस, सरकारी, फुकट, रात्रंदिवस, मराठीतही बोलतात. नंबर आत्ताच सेव्ह कर, मी थांबते.

केलास? आता आज रात्री अंथरुणावर पडल्यावर फक्त उजवी मूठ. बाकी सगळं पुढच्या आठवड्यात. आणि उद्या मला फोन कर, कुकर उतरल्यावर.