उशीतली धूळ

चि. भाचीस,

तुझं पत्र पोचलं. लेकाला सकाळी डोळे उघडताच दहा-बारा शिंका, नाक चोंदलेलं, डोळे चोळून लाल, आणि शाळेची वेळ होईतो सगळं शांत! घर दिवसातून दोनदा झाडतेस, तरी असं का, असं तू विचारतेस. शिंका उठतानाच येतात, हीच मोठी खूण आहे. रात्रभर ज्या उशीत तोंड खुपसून पोर झोपतं, तिच्यापासून शोध सुरू करायला हवा.

आज दुपारी त्या उशीचा अभ्रा काढून बघ. आतल्या खोळीवर घामाचे, तेलाचे पिवळट डाग पडलेले असतील. बोटांनी दाबलीस तर कापसाचे गोळे लागतील. खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत एकदा झटक, केवढी बारीक पूड उडते ते दिसेल. त्या वेळी मुलगा खोलीत नको.

घरातली धूळ म्हणजे केवळ रस्त्यावरची माती नव्हे. आपल्या कातडीचा झडलेला कोंडा, कापडाचे तंतू, बुरशीचे बीजाणू, झुरळांच्या अंगाचे आणि विष्ठेचे कण असं सगळं तिच्यात असतं. धुळीने दमा उसळतो हे डॉक्टर १९२० च्या सुमारास लिहू लागले होते. पण धुळीतलं नेमकं काय बाधतं, याचा उलगडा १९६४ साली नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये झाला. फोरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा या संशोधकांनी एका सूक्ष्म जिवाकडे बोट दाखवलं. तो म्हणजे माइट, कोळ्याच्या नात्यातला आठ पायांचा प्राणी, लांबीला मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाहूनही लहान. ढेकणासारखा तो चावत नाही, रक्त पीत नाही. आपल्या कातडीच्या कोंड्यावर तो जगतो. त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा.

विष्ठेच्या या गोळ्या तशा जड असतात. गादी झटकली, पोर पलंगावर नाचलं की त्या उडतात आणि अर्ध्या तासात बहुतेक खाली बसतात. म्हणून हवा शुद्ध करणाऱ्या महागड्या यंत्राने या दुखण्यात फारसं साधत नाही. पैसे घालायचेच तर ते आधी अंथरुणावर घाल.

माइट पाणी पीत नाही, हवेतला ओलावा अंगात ओढून घेतो. सापेक्ष आर्द्रता बराच काळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर तो सुकून मरतो. ठाण्या-मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्यात ती ८० च्या वर असते. भिंतींना ओल येते, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो. आपल्याकडच्या बायका वैशाखात गाद्या-गोधड्या अंगणात टाकत, दुपारी उलटत, संध्याकाळी काठीने बडवून घरात आणत. त्या रीतीत फार शहाणपण होतं. गादी वाळत होती आणि धूळ घराबाहेर झडत होती. फ्लॅटमध्ये अंगण नसलं तरी गच्ची आहे.

चादरी आणि अभ्रे आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या पाण्यात धू. गार पाण्याने विष्ठा निघून जाते, पण माइट पुष्कळसे जिवंत राहतात. पोराचं कापडी अस्वल पिशवीत बांधून दिवसभर फ्रीझरमध्ये ठेव आणि मग धू. सकाळी उठल्याबरोबर पलंगपोस घालू नकोस, अंथरूण थोडं उघडं राहू दे. लादी ओल्या फडक्याने पूस, पंखाही ओल्या फडक्यानेच पूस. दिवाळीची जळमटं काढताना तोंडाला रुमाल बांध आणि पोराला शेजारी धाड.

बाजारात गादीला घालायच्या घट्ट विणीच्या खोळी मिळतात. त्या घ्याव्यात, पण फक्त त्यांच्यावर विसंबू नये. ब्रिटनमध्ये दम्याच्या १,१२२ प्रौढ रुग्णांवर झालेल्या चाचणीत नुसत्या खोळींनी दम्यात फरक पडला नाही, असं २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. एक उपाय पुरत नाही, आणि डॉक्टरांनी श्वासाचा पंप दिला असेल तर घर कितीही स्वच्छ ठेवलं तरी तो बंद करायचा नसतो. 'पंपाची सवय लागते' असं शेजारणी म्हणतील. त्यांचं ऐकू नकोस.

झुरळांकडेही बघ. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांच्या दाट वस्त्यांमधली दम्याची ४७६ मुलं तपासली, तेव्हा ज्यांना झुरळांची अ‍ॅलर्जी होती आणि ज्यांच्या खोलीत त्यांचा अंश भरपूर होता, त्यांना रुग्णालयात कितीतरी जास्त वेळा न्यावं लागत होतं. हा अभ्यास १९९७ चा. तेव्हा रात्री ओटा कोरडा कर, खरकटं झाकून ठेव, गळका नळ दुरुस्त करून घे. फवाऱ्यापेक्षा जेलचे ठिपके बरे. मच्छर अगरबत्ती मात्र आजच बंद कर. तिचा धूर ही अ‍ॅलर्जी नव्हे, पण सुजलेल्या श्वासनळीला तो सोसत नाही. मच्छरदाणी लाव आणि तीही धुवत जा.

नेमकं कशाचं वावडं आहे हे त्वचेवरच्या चाचणीने कळतं. ती करून घे, म्हणजे उगाच दूध, केळी, दही तोडायची वेळ येणार नाही.

येत्या रविवारी ऊन पडलं तर गादी गच्चीत टाक. पण रात्री पोराची छाती शिट्टीसारखी वाजत असेल, तर रविवारची वाट बघू नकोस. उद्याच डॉक्टरांकडे ने.

तुझी,
मावशी