स्पीकरचा मायनस बॉडीला का लावायचा नाही?

प्रश्न : आमच्या गाडीत कंपनीचाच स्टिरिओ आणि चार दारांत चार स्पीकर आहेत. आवाज वाढवला की फाटतो, म्हणून चार चॅनेलचा अॅम्प्लिफायर आणला. ओळखीचा वायरमन म्हणतो, जुन्या वायरी तशाच राहू द्या, अॅम्पच्या वायरी त्यांनाच जोडू. कुठे मायनस सापडला नाही तर बॉडीला टाकू. माझे वडील स्टील प्लांटच्या इलेक्ट्रिकल विभागातून निवृत्त झाले आहेत. ते म्हणतात, असं अजिबात करू नकोस. पण हेडलाइट, हॉर्न, सगळ्यांचा मायनस बॉडीलाच असतो ना? मग स्पीकरचाच का नको? – एक वाचक, भिलाई

उत्तर : वडिलांचं ऐका. वायरमनच्या दोन्ही सूचना स्टिरिओचा जीव घेणाऱ्या आहेत. तुमची शंका मात्र रास्त आहे.

तुमच्या गावावरून जाणाऱ्या मुंबई-हावडा मार्गावरची विजेची गाडी आठवा. वर 25 हजार व्होल्टची एकच तार असते. इंजिनात काम करून झालं की वीज परत जाते ती बरीचशी रुळांतून, आणि देशभरातले असे बहुतेक रूळ वर्षानुवर्षं भिलाईच्याच मिलमध्ये लाटले जात आहेत. मोटारीतही तेच तत्त्व आहे. बॅटरीचा मायनस पत्र्याला बांधला की बॉडी हीच परतीची वाट होते आणि हॉर्नला एका तारेत भागतं.

स्पीकरचं प्रकरण वेगळं आहे. मल्टिमीटर असेल तर स्वतःच बघा. स्टिरिओ चालू करा, आवाज अगदी खाली आणा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळी तार बॉडीच्या उघड्या पत्र्याला आणि लाल तार स्पीकरच्या प्लसला लावा. बहुतेक स्टिरिओंत सहा-सात व्होल्ट दिसतील. आता लाल तार स्पीकरच्या मायनसला लावा. तिथेही तेवढेच दिसतील! दोन्ही टोकं बॅटरीच्या निम्म्या दाबावर बसलेली असतात. फरक शून्य, म्हणून स्पीकर गप्प. गाणं लागलं की एक टोक वर जातं तेव्हा दुसरं खाली येतं, आणि त्या ओढाताणीवर स्पीकरचा पडदा हलतो. म्हणजे मायनस नावाची ती तारही चालती आहे, बॉडीशी तिचा काही संबंध नाही.

असं का केलं असेल? कारण मोटारीत वीज तुटपुंजी. इंजिन चालू असताना 14.4 व्होल्ट धरा. स्पीकरचं एक टोक जागेवर बांधून ठेवलं, तर चार ओहमच्या स्पीकरला कागदोपत्रीसुद्धा साडेसहा वॉटच मिळतात. दोन्ही टोकं उलटसुलट हलवली की दाब दुप्पट, आणि वॉट चौपट, साधारण 26. प्रत्यक्षात हाती येतात 18 ते 20. खोक्यावर ‘50 × 4’ छापलेलं असतं त्याचा उगमही इथेच आहे : 14.4 ला 14.4 ने गुणा आणि 4 ने भागा, 51.8 येतात. पण हा आकडा स्टिरिओ पार फाटून चौकोनी लहर काढत असतानाचा. ऐकण्यासारख्या आवाजाशी त्याचा संबंध नाही. तुमचा आवाज फाटतो तोही याच मर्यादेमुळे.

आता वायरमनच्या सूचना तपासू. स्पीकरचा मायनस बॉडीला टाकला, तर स्टिरिओचं सहा-सात व्होल्टवर असलेलं टोक सरळ शॉर्ट होतं. संरक्षण चांगलं असेल तर स्टिरिओ नुसता बंद पडेल, नसेल तर आतली आयसी जळेल. अॅम्पच्या तारा जुन्या तारांनाच जोडल्या तर प्रकार आणखी वाईट. अॅम्प आत दाब वाढवून स्टिरिओपेक्षा बराच जास्त व्होल्टेज बाहेर टाकतो, आणि ते स्टिरिओच्या आउटपुटमध्ये मागून घुसतं. दोन आउटपुट कधीही एकमेकांना जोडायचे नसतात.

म्हणून जुनी वाट मधेच तोडायची. स्टिरिओच्या मागून स्पीकरकडे आठ तारा निघतात. त्यांची स्टिरिओकडची टोकं अॅम्पच्या ‘हाय लेव्हल’ इनपुटला आणि दाराकडची टोकं अॅम्पच्या आउटपुटला. तुमच्या मॉडेलचा जोडकपलर मिळाला तर कंपनीची एकही तार कापावी लागत नाही. त्यासाठी थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. दारातून नव्या जाड तारा ओढायची गरज नाही. पन्नास वॉटला चार ओहमवर साडेतीन अँपिअर लागतात, कंपनीची तार ते सहज पेलते. दाराच्या रबरी नळीतून तारा घालण्यात लोक दिवस घालवतात, ते श्रम वाचवा आणि बॅटरीच्या तारेवर खर्च करा.

ती तार मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण गाडीला आग लागली तर ती तिथूनच. चार चॅनेलचे मिळून 200 वॉट काढायला क्लास-डी अॅम्प साधारण 18 अँपिअर ओढतो, जुन्या धाटणीचा क्लास-एबी 24 च्या आसपास. तांब्याची आठ चौरस मिलिमीटरची तार घ्या. स्वस्त किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम असतं. तार कापून तोंड बघा, आत पांढरी दिसली तर परत करा. फ्यूज बॅटरीच्या टोकापासून दीड फुटाच्या आत हवा. तो अॅम्पसाठी नसून तारेसाठी असतो. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या कडेला तार घासली आणि फ्यूज त्या जागेच्या पुढे असला, तर तो काहीच वाचवू शकत नाही. तार पत्र्यातून जाते त्या भोकात रबरी ग्रोमेट घाला.

बॉडीला जायची तार एकच, अॅम्पची स्वतःची. तिथला रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा, थिंबल नट-बोल्टने आवळा, तार आखूड ठेवा. ही जोडणी कच्ची राहिली की अॅक्सिलरेटर दाबताच स्पीकरमधून वाढती शीळ ऐकू येते. आणि भिलाईचा नवतपा, म्हणजे मे अखेरचं ते कडक ऊन, लक्षात घेऊन अॅम्प गालिच्याखाली कोंबू नका, त्याच्या पाठीला हवा लागू द्या.

अॅम्पवरचा ‘गेन’ हा आवाजाचा खटका नव्हे. स्पीकर सोडवून ठेवा, एक किलोहर्ट्झचा टेस्ट टोन लावा, स्टिरिओ जिथवर स्वच्छ वाजतो तिथवर वाढवा, आणि मीटर एसी व्होल्टवर ठेवून आउटपुट 14 व्होल्ट होईपर्यंत गेन फिरवा. चार ओहमवर पन्नास वॉट म्हणजे तेवढेच. त्यापुढे गेलात तर आधी ट्वीटर जळतील.

स्पीकर परत जोडण्याआधी दाराकडच्या तारा ओहमवर तपासा. प्रत्येक जोडीत साधारण तीन-साडेतीन ओहम दिसायला हवेत, कारण चार ओहमचा स्पीकर मीटरवर थोडा कमीच दाखवतो. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला आणि पडदा बाहेर आला, तर सेलच्या प्लसकडची तार ती प्लस. चारही स्पीकर एकाच दिशेने हलले पाहिजेत, एक जरी उलटा लागला तरी बेस गायब होतो. शेवटी प्रत्येक तार बॉडीशी जुळते का ते बघा. मीटरने जराही संबंध दाखवला, तर अॅम्प चालू करण्याआधी त्या दाराच्या बिजागरीजवळची रबरी नळी उघडा. तार सोलली जाते ती बहुधा तिथेच.