सीडी आत जाते कशी... आणि बाहेर येते कशी?

टी.ओ.एम.च्या व्हायवाला 'कॅम म्हणजे काय?' असा प्रश्न आला की आपण सगळेच डोळे मिटून व्याख्या म्हणून दाखवतो. मीही दाखवली होती. मार्कही मिळाले. पण कॅम नावाची वस्तू नेमकं काय करते हे मला कळलं गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, मामाच्या घराच्या ओसरीवर, दात कोरायच्या काडीने एक गिअर फिरवताना!

त्याचं असं झालं, मामाची जुनी गाडी विकायची ठरली. गिऱ्हाईक आलं, सौदा झाला आणि मग आईला आठवलं की गाडीतल्या प्लेअरमध्ये आजीची सीडी आहे. २००६ साली धाकट्या मावशीच्या लग्नात हळद दळताना आजीने जात्यावर ओव्या म्हटल्या होत्या. मामाने त्या टेप केल्या आणि तालुक्याच्या गावातून त्यांची सीडी करून आणली. कॅसेट पुढे हरवली. आजी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. सीडी एकच, आणि तीही अडकलेली! बटण दाबलं की आत 'घुर्रर्र' आवाज व्हायचा, फटीत सीडीची कड दिसल्यासारखी व्हायची आणि थोड्या वेळाने पुन्हा आत. दुरुस्तीवाला म्हणाला, "यात काही अर्थ नाही, नवीन बसवा." मामाने त्याआधी फटीत स्टीलची पट्टी घालून ओढून पाहिलं होतं. (त्या पट्टीबद्दल शेवटी!) मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. "तू मेकॅनिकलला आहेस ना?"

आता नाही कसं म्हणणार?

ट्रे सोपा, फट अवघड

कॉम्प्युटरच्या जुन्या ड्राइव्हमध्ये ट्रे बाहेर यायचा. त्यात सीडीसाठी गोल खळगा असतो. म्हणजे सीडी मध्यभागी ठेवण्याचं काम आपला हात करतो, मशीन फक्त ट्रे आत-बाहेर करतं. आणि लाईट गेली तर पुढच्या छोट्या भोकात पेपर-क्लिपची तार खुपसायची, ट्रे थोडा बाहेर येतो, मग हाताने ओढायचा. हॉस्टेलवाल्या सीनियर मंडळींना हे नक्की आठवत असेल.

स्लॉट-इनमध्ये ट्रे नाही, नुसती फट. आपण सीडीची कड आत सरकवतो आणि मशीन ती ओढून घेतं. पुढचं सगळं मशीनलाच करावं लागतं. ते काम किती नाजूक आहे बघा. सीडीचा व्यास १२० मि.मी., जाडी १.२ मि.मी. आणि मधलं भोक १५ मि.मी. हे भोक मोटरच्या हबवर बरोबर बसलं पाहिजे. खालच्या चकचकीत बाजूला ओरखडा चालत नाही. आणि एकदा सीडी फिरायला लागली की तिला हबशिवाय कशाचाही स्पर्श होता कामा नये.

हे शेवटचं का, त्याचं एक गणित करू. लॅपटॉपचा २४-एक्स ड्राइव्ह सीडीला जवळपास ५००० आर.पी.एम.पर्यंत फिरवतो. म्हणजे कोनीय वेग सुमारे ५२४ रेडियन प्रति सेकंद. याला ०.०६ मीटर त्रिज्येने गुणलं की कडेचा वेग येतो ३१ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ११० कि.मी.च्या वर! या वेगात कड एखाद्या लिव्हरला घासली तर काय होईल ते सांगायला नको. गाडीतला प्लेअर गाणी वाजवताना इतका पळत नाही, एक-एक्सला आतल्या ट्रॅकवर ५०० आणि बाहेरच्या ट्रॅकवर २०० आर.पी.एम.च्या आसपास. पण तिथे रस्त्यातले खड्डे असतात!

तेव्हा कामं अशी : ओढणे, मध्यावर आणणे, पकडणे, आणि ज्यांनी ओढलं त्या सगळ्यांनी बाजूला होणे. बाहेर काढताना हेच उलट. आणि या सगळ्याला मोटर असते एकच! (सीडी फिरवणारी आणि लेझर सरकवणारी मोटर वेगळी.)

रोलरची गंमत

बॅटरीची वायर काढून प्लेअर बाहेर घेतला, वरचा पत्रा उघडला. फटीच्या लगेच आत आडवा रबरी रोलर दिसला. तो मध्ये बारीक आणि दोन्ही टोकांना जाड होता. आधी वाटलं झिजला आहे. पण दोन्ही बाजू अगदी सारख्या! मग ट्यूब पेटली. रोलर असा निमुळता असला की सीडी त्याच्या दोन्ही टोकांवर फक्त कडेने टेकते, मधल्या डेटाच्या भागाला रबर लागतच नाही.

रोलर खालून सीडीला वर दाबतो. वर गुळगुळीत प्लॅस्टिकचा गाईड असतो. रोलर फिरला की सीडी गाईडवर घसरत आत जाते. दोन्ही टोकांना सारखंच बल लागतं म्हणून कपल तयार होत नाही आणि सीडी तिरकी न होता सरळ जाते.

आमच्या प्लेअरचा रोलर मात्र हाताला काचेसारखा लागला. इतक्या वर्षांत रबर कडक होऊन गुळगुळीत झालेलं. मामेभाऊ म्हणाला, "दादा, स्प्रिंग ताणून बसव, दाब वाढेल." ऐकायला बरोबर वाटतं ना? पण फ्री बॉडी डायग्रॅम काढून बघा. सीडीचं वजन अवघं १५-१६ ग्रॅम, ते सोडून देऊ. रोलर जितक्या बलाने सीडीला वर दाबतो, तितक्याच बलाने गाईड तिला खाली दाबतो. म्हणजे दोन्हीकडे नॉर्मल रिअॅक्शन तीच. पुढे ढकलणारं घर्षण म्हणजे रबराचा घर्षणगुणांक गुणिले तो दाब. मागे खेचणारं घर्षण म्हणजे गाईडचा घर्षणगुणांक गुणिले तोच दाब. दाब दोन्हीकडून कटला! राहिली एकच अट : रबराचा घर्षणगुणांक गाईडपेक्षा जास्त हवा. तो जर कमी झाला असेल तर स्प्रिंग कितीही ताणा, सीडी हलणार नाही. इलाज एकच, रबर साफ करा किंवा बदला.

एक मोटर इतकी कामं कशी करते?

आता खरी गंमत. मी मोटर शोधली. तिच्या शाफ्टवर वर्म होता. पुढचा गिअर बोटाने फिरवून पाहिला, ढिम्म! अर्थात, वर्म सेल्फ-लॉकिंग होता. वर्म चाकाला फिरवतो, चाक वर्मला फिरवू शकत नाही. (हा प्रश्न व्हायवाला हमखास असतो.) म्हणून काडीच्या टोकाने वर्मच थोडा थोडा फिरवायला घेतला. जे काम मोटर काही सेकंदांत करते ते मला कितीतरी वेळ लागलं. पण त्यामुळेच सगळं मेकॅनिझम स्लो मोशनमध्ये बघायला मिळालं. एकदा बाहेरच्या दिशेने, मग सीडी बाहेर काढल्यावर एक खराब सीडी घालून आतल्या दिशेने. आतल्या दिशेचा क्रम असा :

१. फटीत सीडी घातली की सेन्सरला ती कळते, मोटर चालू होते आणि रोलर तिला ओढतो.

२. आत जाताना सीडीची कड दोन्ही बाजूंच्या लिव्हर फाकवते. त्या किती फाकल्या यावरून सीडी मोठी की छोटी ते समजतं.

३. सीडीची पुढची कड मागच्या एका लिव्हरला जाऊन टेकते. त्याच क्षणी भोक बरोबर हबच्या वर आलेलं असतं. ही लिव्हर ढकलली गेली की ती एका रॅकला किंचित पुढे सारते. आतापर्यंत रॅकचे दात गिअरमध्ये गुंतलेलेच नव्हते. आता ते गुंततात आणि मोटर रॅकला ओढायला लागते. म्हणजे मोटरचं दुसरं काम कोण सुरू करतं? खुद्द सीडीच! 'मी पोचले' असं ती आपल्या कडेने सांगते.

४. रॅकला जोडलेली एक लांब पट्टी, स्लायडर, सरकू लागते. तिच्यात तिरक्या खाचा कापलेल्या असतात. प्रत्येक खाचेत एकेक पिन. हाच आपला कॅम! खाच जिथे सरळ आहे तिथे पिन स्थिर, जिथे तिरकी आहे तिथे पिन वर किंवा खाली. एका खाचेने क्लॅम्पचा आर्म खाली येतो आणि सीडी हबवर दाबली जाते. हबचा वरचा भाग निमुळता असल्यामुळे थोडाफार चुकलेला मध्य तिथे आपोआप जुळतो. दुसऱ्या खाचेने रोलर खाली उतरतो, लिव्हर कडेपासून दूर होतात. तिसऱ्या खाचेने आतल्या डेकचं लॉक सुटतं आणि डेक स्प्रिंग व डॅम्परवर तरंगायला लागतो. खड्ड्यांचा बंदोबस्त!

५. स्लायडर शेवटच्या स्विचला टेकतो, मोटर बंद. आता सीडी फिरायला मोकळी.

यातला क्रम नीट बघा. आधी क्लॅम्प पकडतो, मगच रोलर सोडतो. उलट झालं तर मधल्या क्षणात सीडी कुणाच्याच हातात नसेल. आणि हा क्रम कुठल्या प्रोग्रॅममध्ये नाही, तो खाचांच्या आकारात आहे. सर्किटला फक्त मोटर सुलट की उलट, आणि कधी थांबायचं, एवढंच ठरवायचं असतं. बाहेर काढताना पोलॅरिटी उलटी केली की तोच क्रम मागून पुढे : लॉक, रोलर वर, क्लॅम्प वर, रॅक गिअरमधून बाहेर, आणि मग नुसता रोलर फिरत राहतो.

आमच्या प्लेअरचा रोगही इथेच समजला. बटण दाबल्यावर सगळं व्यवस्थित होत होतं, पण शेवटी रोलर घसरत होता. ठराविक वेळात सीडी बाहेर आली नाही की सर्किट 'काहीतरी चुकलं' समजून तिला परत आत घ्यायचं आणि क्लॅम्प करायचं. म्हणजे मामा पट्टीने ओढत होता तेव्हा सीडी आत घट्ट पकडलेली होती!

छोटी सीडी आणि पातळ लॅपटॉप

८० मि.मी.ची छोटी सीडीही असते. मोठ्या सीडीचा मध्य कडेपासून ६० मि.मी.वर, छोटीचा ४० वर. मागची लिव्हर मोठीसाठी ठेवली तर छोटी सीडी २० मि.मी. पुढे जाणार, हब चुकणार. म्हणून दोन्ही मापं घेणाऱ्या मशीनमध्ये बाजूच्या लिव्हर किती फाकल्या त्यावर मागचा थांबा बदलावा लागतो. २००६ सालच्या निन्टेंडो वी या गेम कन्सोलची फट १२० मि.मी.ची वी डिस्क आणि ८० मि.मी.ची गेमक्यूबची डिस्क, दोन्ही घ्यायची. व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराची सीडी मात्र अशा फटीत कधीच घालू नये. कड गोल नाही तर लिव्हरला माप आणि मध्य कळणार कसा? कागदी स्टिकर लावलेली सीडीही नको, सुटलेलं टोक आत अडकतं.

लॅपटॉपची अडचण वेगळी. अॅपलने १९९९ साली आयमॅकमध्ये आणि २००१ साली टायटॅनियम पॉवरबुकमध्ये स्लॉट-इन ड्राइव्ह दिला. १२.७ मि.मी. जाडीच्या ड्राइव्हमध्ये रोलर आणि वरचा क्लॅम्प-आर्म मावणं कठीण. म्हणून तिथे बहुधा रोलरऐवजी लिव्हर सीडीच्या कडेला धरून आत ढकलतात. आणि क्लॅम्प खाली येण्याऐवजी हबच मोटरसकट वर उचलला जातो. सीडी वरच्या पत्र्यावर दाबली जाते आणि हबमधल्या स्प्रिंगच्या खिट्ट्या भोकात 'टक्' करून बसतात. ट्रेच्या लॅपटॉपमध्ये आपण अंगठ्याने जे करायचो तेच! मग हब थोडा खाली येतो आणि सीडी पत्र्यापासून सुटते.

मॅकबुक प्रोमधून हा ड्राइव्ह २०१६ पर्यंत बाद झाला. पण विषय जुना झाला असं समजू नका. २०२० सालच्या प्लेस्टेशन ५ च्या डिस्कवाल्या मॉडेललाही फटच आहे. आणि २०१३ सालच्या प्लेस्टेशन ४ मध्ये डिस्क अडकली तर पॉवर काढून स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायचा एक स्क्रू दिलेला होता. मी काडीने जे केलं, त्याची सोय तिथे कंपनीनेच केलेली!

आणि आजीची सीडी?

काडीने वर्म फिरवत फिरवत क्लॅम्प वर आला, तशी सीडी सैल झाली. रोलर घसरतच होता, म्हणून कडेला दोन बोटं लावून हलकेच बाहेर घेतली. आई शेजारी बसून होती, तिने ती पदराने पुसायला घेतली. "आई, थांब!" मी इतक्या जोरात ओरडलो की मामी स्वयंपाकघरातून बाहेर आली. (सीडी पुसायची ती मऊ कापडाने आणि मध्याकडून कडेकडे. गोल गोल पुसली तर ओरखडा ट्रॅकच्या दिशेने पडतो आणि प्लेअरच्या एरर करेक्शनला तोच जड जातो.)

उलटी करून पाहिली तर कडेजवळ पट्टीचा चांगला जाड, कमानीसारखा ओरखडा. मामाचा चेहरा उतरला. पण सीडीवरचा डेटा आतून बाहेर लिहिला जातो. सुरुवात २५ मि.मी. त्रिज्येपासून, पूर्ण भरली तर ५८ पर्यंत. ओव्यांचं रेकॉर्डिंग २२ मिनिटांचं, सीडी ८० मिनिटांची. क्षेत्रफळाचं प्रमाण मांडलं तर डेटा संपतो सुमारे ३७ मि.मी.वर. पट्टीचा ओरखडा होता त्याच्या बराच बाहेर, कोऱ्या जागेत!

घरी आणून कॉम्प्युटरवर कॉपी केली. पूर्ण बावीस मिनिटं. मागे जात्याची घरघर, मध्येच कुणीतरी आजीला पाणी विचारतंय तेही ऐकू येतं. आता तीन जणांकडे कॉपी आहेत.

रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, प्लेअर पुन्हा जोडला, सध्या तो चालतोय. गिऱ्हाइकाला मात्र मामाने खरं सांगितलं की रबर कधीही दगा देईल.

जाता जाता एवढंच. भंगारात असा एखादा प्लेअर मिळाला तर सोडू नका. पॉवर काढा, उघडा आणि वर्म हाताने फिरवा. (चालू ठेवून उघडू नका, आत लेझर असतो.) स्लायडर-क्रँक जर्नलमध्ये काढून काढून कंटाळा आला असेल, तर ही पट्टी पाहून तो नक्की जाईल. आणि कुणाची सीडी अडकलीच, तर त्यांना एवढं जरूर सांगा : आधी क्लॅम्प, मग सीडी. पट्टी ड्रॉवरमध्येच ठेवा!