दोर बांधायच्या आधी

मनू, गाडी घेतलीस, छान केलंस. पण आता दर शनिवारी पुण्याहून साताऱ्याला एकटी येणार म्हणतेस, म्हणून एक गोष्ट आत्ताच कानावर घालते. रस्त्यात गाडी बंद पडली की माणसं धावून येतात. चांगलीच असतात बिचारी, आणि त्यांतल्या एकाकडे तरी दोर असतो. "ताई, बांधा मागे, पुढच्या गॅरेजपर्यंत सोडतो." तेव्हा तुला नाही म्हणता आलं पाहिजे.

तुझी गाडी ऑटोमॅटिक आहे ना! बाबांची जुनी गाडी न्यूट्रलला टाकून कितीदा टोचन करून आणली, तिला काही झालं नाही, पण तो हिशेब इथे लावू नकोस. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाकं मात्र फिरतायत, म्हणजे आतले भाग तेलावाचून घासले जाणार. त्या वेळी काही जाणवतही नाही. जाणवतं ते सर्व्हिस सेंटरवाल्याने खर्चाचा आकडा सांगितल्यावर. तुझ्या मैत्रिणीची इलेक्ट्रिक गाडी तर आणखी नाजूक प्रकरण. तिची मोटर चाकांना कायमची जोडलेली असते, ओढत नेली की मोटर फिरून वीज तयार व्हायला लागते. तिलाही सांग.

तुम्ही दोघींनीही फ्लॅटबेडच मागवायचा, चारही चाकं जमिनीवरून वर. नुसती क्रेन आली तर तुझ्या गाडीची पुढची चाकं उचलायला लाव, कारण जोर पुढच्या चाकांना आहे. मागची हँडब्रेक सोडून फिरू देत. मागून उचलून पुढची चाकं फरफटवायला निघाला, तर सरळ थांबव. "रोज करतो हो मॅडम" हे वाक्य ऐकशील. ऐकून घे आणि तरी थांबव. चारही चाकांना जोर असलेली गाडी असती, तर क्रेनचा विचारच नको होता.

साधी मॅन्युअल गाडी दोराने ओढता येते, पण सपाट रस्त्यावर आणि थोड्याच अंतरासाठी. इंजिन बंद असलं की ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीनदा पाय दाबल्यावर संपते, मग पॅडल दगडासारखं लागतं आणि स्टिअरिंगही जड होतं. म्हणून खंबाटकीसारख्या घाटात दोर बांधून उतरणं हे धाडस नाही, निव्वळ वेडेपणा आहे. कधी मागच्या गाडीत बसायची वेळ आलीच, तर किल्ली ऑनवर ठेव, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. वेग वीसच्या आसपास, दोर सैल पडू द्यायचा नाही आणि झटका तर मुळीच नाही. ताणलेला दोर तुटला की चाबकासारखा उलटतो, म्हणून त्याच्या आसपास कुणाला उभं राहू देऊ नकोस.

आता जॅकचं. गाडीबरोबरचा जॅक चाक बदलण्यापुरता असतो, गाडीखाली शिरण्यासाठी नाही. कुणी "जरा खाली डोकावतो" म्हणाला, तरी अडव. जागा सपाट आणि कडक हवी. पावसाळ्यात साइडपट्टीची माती दबते, तिथे जॅकखाली जाड फळी घाल. गिअर पी मध्ये टाक आणि हँडब्रेकही ओढ. पी ने पुढची चाकं अडतात, हँडब्रेकने मागची, त्यामुळे एकावर भागत नाही. बदलायच्या चाकाच्या तिरप्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड लाव आणि सगळ्यांना गाडीतून उतरव. दाराखालच्या कडेला चाकाजवळ खाच दिसेल, जॅक तिथेच बसतो, भलतीकडे लावलास तर पत्रा चेपतो. नट मात्र गाडी उचलायच्या आधीच थोडे सैल कर. चाक हवेत गेल्यावर जोर लावलास तर गाडी जॅकवरून सरकू शकते. काम चालू असताना स्टेपनी गाडीखाली आडवी सरकवून ठेव. जॅक घसरलाच तर गाडी तिच्यावर टेकेल. नट पुन्हा समोरासमोरचे आवळायचे, शेवटचा जोर गाडी खाली आल्यावर.

हे सगळं करायला जागा सुरक्षित हवी. महामार्गावर वाहनं अंगावरून जात असतील, तर चाक बदलायच्या फंदात पडूच नकोस. धोक्याचे दिवे लाव, लाल त्रिकोण बराच मागे ठेव, वळण असेल तर वळणाच्याही अलीकडे, आणि रेलिंगपलीकडे उभी राहून १०३३ ला फोन कर. राष्ट्रीय महामार्गाचा मदत क्रमांक आहे तो. विम्यात रोडसाइड असिस्टन्स घेतलंयस का, तेही बघ आणि तो नंबर मोबाइलमध्ये टाकून ठेव. पाण्यात बुडून बंद पडली असेल, तर स्टार्ट करून बघायचा मोह आवर. इंजिनात पाणी शिरलं असेल तर आतला रॉड वाकतो.

फ्लॅटबेड आला की चढवायच्या आधी चारही बाजूंचे फोटो काढ, भाडं ठरव, पट्टे टायरवरून बांधायला सांग. तू ड्रायव्हरशेजारी बस, आपल्या गाडीत नाही.

आणि आज डिकी उघडून ओढण्याचा हुक शोध, स्टेपनीजवळ असतो. बंपरवरचं छोटं झाकण काढून तो एकदा पिळून बघ. काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, बसला नाही म्हणून जोर करू नकोस, डावीकडे फिरव. सापडला की मला फोन कर.