वकिलाचा कारकून : काम, ज्ञान आणि जबाबदारी

आपल्या समाजातील मुले पदवीधर झाली की शिक्षक, पोलीस, बँक आणि तलाठी यांच्यापलीकडे त्यांची नजर सहसा जात नाही. वकील होण्याची इच्छा अनेकांना असते. पण वकिलाच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे कोणी पाहत नाही. परभणीच्या जिल्हा न्यायालयात किंवा गंगाखेड, सेलू, जिंतूर येथील न्यायालयांत सकाळी अकराच्या सुमारास जाऊन पाहावे. बगलेत दप्तर धरून बोर्ड पाहणारा, पुकारा झाला की पक्षकाराला हाक मारणारा, दुपारी नक्कल शाखेत उभा राहणारा तो वकिलाचा कारकून होय. आपल्याकडे त्याला अजूनही मुन्शी म्हणतात. या कामाला शिक्षण लागत नाही, असा समज आहे. तो चुकीचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

महाडच्या चवदार तळ्याचा दावा आपण सर्वजण जाणतो. हा दावा १२ डिसेंबर १९२७ रोजी दाखल झाला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. महाड, ठाणे आणि मुंबई अशी तीन न्यायालये झाली. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची रूढी अनादि काळापासून चालत आल्याचे प्रतिपक्षाला सिद्ध करता आले नाही, म्हणून निकाल आपल्या बाजूने लागला. जवळजवळ दहा वर्षे चालणाऱ्या अशा दाव्यात साक्षी, दस्तऐवज, नकला आणि तारखा सांभाळाव्या लागतात. बाबासाहेबांच्या युक्तिवादाचे महत्त्व कोणी सांगायला नको; परंतु युक्तिवाद कागदावर उभा असतो, आणि कागद कोणीतरी वेळेत दाखल करावा लागतो.

मराठवाड्यातील कारकुनाला एक जास्तीचे ज्ञान लागते. १९४८ पर्यंत आपला जिल्हा हैदराबाद संस्थानात होता आणि कारभाराची भाषा उर्दू होती. जुने शेतीचे कागद आजही उर्दूत किंवा मोडीत सापडतात. जमिनीच्या दाव्यात सातबारा आणि फेरफार यांच्याइतकेच १९५४-५५ चे खासरा पत्रक महत्त्वाचे ठरते. ते कोणत्या कचेरीतून काढायचे आणि त्यातील कब्जेदाराचे नाव कसे वाचायचे, हे ज्याला कळते त्याला वकील सोडत नाहीत. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरली, तेव्हा शुद्ध आणि नेमके मराठी लिहिणाऱ्याची गरज वाढलीच आहे.

आता मुदतीचा विषय. विद्यार्थ्यांनी हा भाग वही घेऊन वाचावा. दिवाणी न्यायाधीशाच्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील करण्याची मुदत ३० दिवस आहे, उच्च न्यायालयात ९० दिवस. निकालाचा दिवस मोजायचा नाही. समजा, निकाल ३ जूनला लागला, तर मुदत ३ जुलैला संपते. नकलेचा अर्ज १० जूनला दिला आणि नक्कल २२ जूनला तयार झाली, तर हे दोन्ही दिवस धरून १३ दिवस वगळले जातात व मुदत १६ जुलैपर्यंत जाते. नक्कल २२ ला तयार असून कारकून ती आणायला २५ ला गेला, तर ते मधले दिवस मिळत नाहीत. शेवटचा दिवस न्यायालयाच्या सुटीचा असेल, तर न्यायालय उघडेल त्या दिवशी अपील चालते. मुदत टळल्यावर विलंबमाफीचा अर्ज करता येतो हे खरे. पण माफी देणे न्यायालयाच्या हाती असते. तीन एकर जमिनीवर जगणाऱ्या कुटुंबाचे भवितव्य अशा तीन दिवसांत अडकू शकते. म्हणून डायरीत पुढील तारखेबरोबर मुदतीचा शेवटचा दिवस वेगळ्या शाईने लिहावा, आणि त्याच्या आठ दिवस आधीही एक नोंद ठेवावी.

गुप्ततेबद्दलही सांगितले पाहिजे, कारण चहाच्या टपरीवर फार बोलले जाते. पक्षकाराने वकिलाला सांगितलेली गोष्ट बाहेर न सांगण्याचे बंधन कारकुनावरही आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात त्याचा उल्लेख वकिलांचे कारकून किंवा ‘नोकर’ अशा शब्दांत होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात नोकर हा शब्द जाऊन कर्मचारी आला. दीडशे वर्षे लागली, पण आला!

अत्याचाराच्या प्रकरणात खेड्यातून आलेला घाबरलेला माणूस प्रथम कारकुनाशीच बोलतो. तेव्हा कारकुनाला चार गोष्टी ठाऊक असाव्यात. फिर्यादीची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे, आरोपीच्या जामिनासह सुनावणीची सूचना पीडिताला मिळण्याचा हक्क आहे. विधी सेवा प्राधिकरणाकडून अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. आणि जातीचा दाखला पहिल्याच दिवशी मागून ठेवावा, कारण तो नंतर धावपळ करून आणताना साक्षीदाराचा दिवस जातो. सल्ला देणे मात्र वकिलाचे काम. कारकुनाने माहिती द्यावी आणि तेथेच थांबावे.

संगणकाबद्दल थोडक्यात. प्रत्येक प्रकरणाला आता सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो व त्यावरून पुढील तारीख मोबाईलवर दिसते. तरीही बोर्ड स्वतः पाहावा. मराठी टंकलेखन युनिकोडमध्येच शिकावे. शासकीय टंकलेखन परीक्षेत मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांचा वेग मिळवला, तर न्यायालयातील कनिष्ठ लिपिकाच्या जाहिरातीलाही अर्ज करता येतो.

पगार हा या व्यवसायाचा दुबळा भाग आहे. तो बहुधा तोंडी ठरतो आणि उरलेले पक्षकाराच्या खुशीवर सोडले जाते. आमच्या मते नव्याने लागणाऱ्याने मासिक रक्कम आधीच स्पष्ट ठरवून घ्यावी, पक्षकाराकडून कोर्ट फी, समन्सचा खर्च अथवा नकलेची फी घेतली तर त्याच दिवशी वहीत लिहून त्याची सही घ्यावी, आणि पहिले सहा महिने रोज एक जुने निकाली प्रकरण निशाणी १ पासून रोजनाम्याच्या शेवटच्या पानापर्यंत वाचून काढावे.